सौम्य लाठीमार

मराठी बातमीत पोलीस सहसा कुणाला मारत नाहीत. नीट वाचून बघा. ‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार करावा लागला.’ ‘बळाचा वापर करण्यात आला.’ ‘आंदोलक आणि पोलीस यांच्यात झटापट होऊन काही जण जखमी झाले.’ वाक्यात लाठी आहे, जमाव आहे, जखमी आहेत. लाठी धरणारा हात तेवढा नाही. असलाच तर तो बिचारा ‘करावा लागला’मधल्या नाइलाजात अडकलेला. आणि हे ‘सौम्य’ कुठून आलं? सौम्य ताप असतो, सौम्य साबण असतो. ज्याच्या पाठीवर लाठी पडली त्याला विचारून बातमी लिहिली, तर हे विशेषण एक दिवस टिकायचं नाही.

या वाक्याचं एक जुळं भावंडही आहे. ते पेपरात येत नाही, फॅमिली ग्रुपवर येतं. मारहाणीचा व्हिडिओ कुणीतरी टाकतं आणि दोन मिनिटांत काका, मामा किंवा शाळेतला मित्र लिहितो, ‘काहीतरी केलं असेल. उगाच कोण कशाला मारेल?’ या एका वाक्याशी मी गेली काही वर्षं भांडतोय आणि हा लेख त्याच भांडणाचा भाग आहे. हुकूमशाही सरकारला रस्त्यावर माणसं झोडपायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर मारणाऱ्याला त्या घटनेतून पुसून टाकण्याचं काम मात्र वर्षानुवर्षं चालतं. त्याला कायदे लागतात, कोर्ट लागतं, कागद लागतो. आणि ‘काहीतरी केलं असेल’ म्हणणारी माणसं लागतात, फुकटात.

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतोय: बेलारूस. जवळचं घेतलं की आपण आधी विचारतो, मार खाणारा कुठल्या पक्षाचा, कुठल्या जातीचा, आणि मग ठरवतो की आपल्याला वाईट वाटलं की नाही. मिन्स्कमध्ये आपलं कुणीच नाही. तिथे डोकं थोडं थंड ठेवता येईल. शिवाय तिथल्या सरकारने हे पुसण्याचं काम इतकं शिक्के मारून, रीतसर केलंय की त्यातली प्रत्येक पायरी उघड दिसते.

पार्श्वभूमी थोडक्यात. अलेक्सांद्र लुकाशेन्को १९९४ पासून सत्तेवर आहे. २०२० साली जग घरात बसलं असताना हा गृहस्थ कोरोनावर व्होडका, सॉना आणि ट्रॅक्टर चालवणं सुचवत होता. त्याच्याविरुद्ध उभा राहू पाहणारा यूट्यूबर सियारहेई त्सिखानौस्की मे महिन्यातच तुरुंगात गेला, म्हणून त्याची बायको स्वियातलाना उभी राहिली. तोवर ती राजकारणात नव्हती. ९ ऑगस्ट २०२० ला मतदान झालं. सरकारी निकाल: लुकाशेन्को ८०.१ टक्के, स्वियातलाना १०.१ टक्के. लोक मतपत्रिकांचे फोटो काढून ऑनलाइन जमा करत होते, त्यांना हा आकडा पटणं शक्य नव्हतं. त्या रात्री माणसं रस्त्यावर आली आणि इंटरनेट गेलं.

पुढच्या चार दिवसांत जवळपास सात हजार लोक पकडले गेले. त्यांतल्या खूप जणांना मिन्स्कमधल्या अक्रेस्त्सिना नावाच्या कोठडीत नेलं. चार-सहा माणसांच्या खोलीत वीस-तीस-चाळीस जण कोंबले. गुडघ्यांवर, हात मागे, तोंड जमिनीकडे. फोनचा पासवर्ड देत नाही म्हणून मार. केस लांब आहेत म्हणून मार. १३ आणि १४ ऑगस्टला माणसं सुटू लागली तेव्हा फाटकाबाहेर आई-बाप आणि बायका रात्रभर उभ्या होत्या. बाहेर आलेल्या पोरांनी शर्ट वर करून पाठी आणि मांड्या दाखवल्या. निळ्या नाही, काळ्या पडलेल्या. १ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की छळ आणि गैरवागणुकीच्या ४५० नोंदवलेल्या घटना त्यांच्याकडे आल्या आहेत.

यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. पकडलेल्यांपैकी काहींच्या कपड्यांवर किंवा अंगावर रंगाने खूण केली जायची, म्हणजे गाडीतून उतरवताना पुढच्या पोलिसाला कळावं की याला जास्त मारायचं आहे. ज्यांना वाटतं की पोलीसही माणसंच आहेत, रात्रभर ड्युटी करून संतापाच्या भरात हात सुटला असेल, त्यांनी या रंगाचं काय करायचं ते सांगावं. संतापलेला माणूस रंगाचा डबा घेऊन फिरत नाही. आमच्या शेतमालाच्या बाजारात पोत्यांवर खुणा करतात तशी ही खूण आहे. माल वेगळा काढायचा असतो म्हणून.

१३ ऑगस्टला गृहमंत्री युरी कारायेव्हने माफी मागितली. कशाबद्दल, ते बघा. निदर्शनांच्या वेळी जे ‘योगायोगाने’ सापडले आणि जखमी झाले, त्या लोकांची. दूध आणायला गेलेला, कामावरून परतणारा, चुकून तावडीत आलेला. निदर्शनाला मुद्दाम आलेल्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणजे माफी मागतानाच त्याने सांगून टाकलं की बाकीच्यांना मारलं ते बरोबर होतं. ‘काहीतरी केलं असेल’ हेच वाक्य, फक्त मंत्र्याच्या तोंडी. त्याच महिन्यात गृहखात्याच्या तीनशेहून अधिक लोकांना ‘निष्कलंक सेवे’साठी पदकं जाहीर झाली.

आता मेलेल्यांकडे येऊ. १० ऑगस्टच्या रात्री पुश्किन्स्काया मेट्रो स्टेशनजवळ अलेक्सांद्र तराइकोव्स्की नावाचा ३४ वर्षांचा माणूस मेला. सरकारने सांगितलं, त्याच्या हातात स्फोटक होतं, ते पोलिसांवर फेकताना हातातच फुटलं. काही दिवसांनी असोसिएटेड प्रेसचा व्हिडिओ बाहेर आला. त्यात तो चालत येतो, शर्टावर रक्त पसरत जातं आणि तो कोसळतो. हातात काही दिसत नाही. हात धड आहेत.

एका खोट्याला एका व्हिडिओने गाठलं, असं वाटेल. पण सरकारही धडा घेतं. पुढच्या वेळी त्याने खोट्यावर कमी आणि खरं बोलणाऱ्यावर जास्त मेहनत घेतली. ही पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मिन्स्कमध्ये तीन-चार उंच इमारतींच्या मधे एक अंगण आहे. आपल्या सोसायटीत मुलांची घसरगुंडी आणि बाकडी असतात, तसंच. तिथल्या एका छोट्या सिमेंटच्या खोलीच्या भिंतीवर रहिवाशांनी दोन डीजेंचं चित्र काढलं होतं. या दोघांनी निवडणुकीच्या तीन दिवस आधी, ६ ऑगस्टला, एका सरकारी कार्यक्रमात व्हिक्तर त्सोइचं ‘बदल’ हे गाणं लावलं आणि दहा दिवस तुरुंगात गेले. सरकारी माणसं यायची, चित्रावर रंग फासायची. रहिवासी पुन्हा काढायचे. पुन्हा रंग, पुन्हा चित्र. मधे तर चित्रावर पहाऱ्याला पोलीस उभे केले होते. लोकांनी त्या अंगणाचं नाव ठेवलं ‘बदलाचा चौक’. कुंपणावर पांढऱ्या-लाल-पांढऱ्या फिती बांधल्या. हा त्यांचा जुना झेंडा, १९९१ ते १९९५ देशाचाही होता, लुकाशेन्कोने बदलला.

११ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळी साध्या कपड्यांतली, तोंडं झाकलेली काही माणसं तिथे आली आणि फिती कापू लागली. तिथेच राहणाऱ्या ३१ वर्षांच्या रमान बन्दारेन्का या चित्रकाराने सोसायटीच्या चॅटवर लिहिलं, ‘मी बाहेर जातोय.’ खाली गेला. बाचाबाची झाली, त्याला आपटलं, मारलं, गाडीत घातलं, पोलीस ठाण्यात नेलं. तिथून तो इस्पितळात पोचला तो बेशुद्ध. १२ नोव्हेंबरला मेला.

त्याने ‘काहीतरी केलं’ होतं का? हो. तो खाली गेला होता.

सरकारी तपासयंत्रणा म्हणाली की तो प्यायलेला होता. बघा, किती ओळखीचं आहे हे. दारू प्यायला होता म्हटलं की निम्मा देश मान हलवतो. भांडला असेल, पडला असेल. मारणारे पुन्हा वाक्यातून गायब. पण इस्पितळात रक्ताची तपासणी झालेली होती. तूत-बाय या तिथल्या सगळ्यात मोठ्या बातम्यांच्या साइटच्या पत्रकार कात्सियारिना बारीसेविच यांनी अर्त्सिओम सारोकिन या डॉक्टरच्या मदतीने बातमी दिली की रक्तात दारूचं प्रमाण शून्य होतं.

त्या दोघांना अटक झाली. खोटी बातमी दिल्याबद्दल अटक झाली असती तर कोर्टात खरं-खोटं करावं लागलं असतं. म्हणून आरोप ठेवला रुग्णाची गोपनीय माहिती फोडल्याचा. २ मार्च २०२१ ला बारीसेविचना सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि डॉक्टरला दोन वर्षांची स्थगित शिक्षा, शिवाय दोघांना दंड. यातली गंमत, गंमत म्हणवत नाही, पण असो, ही की गुपित फुटलं म्हणण्यासाठी ते गुपित खरं असावं लागतं. म्हणजे बन्दारेन्काच्या रक्तात दारू नव्हती हे सरकारच्याच कोर्टाने मान्य केलं आणि ते सांगणाऱ्यांना शिक्षा दिली. मारणाऱ्या तोंडझाक्या माणसांपैकी कुणावरही खटला झाला नाही.

त्या अंगणात लोक मेणबत्त्या घेऊन जमले. १५ नोव्हेंबरला पोलिसांनी ते रिकामं केलं. त्या एका दिवसात देशभरात हजाराहून अधिक लोक पकडले गेले. बेलसात वाहिनीच्या कात्सियारिना आंद्रेयेवा आणि दारिया चुल्त्सोवा या दोन तरुण पत्रकार समोरच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरून हे लाइव्ह दाखवत होत्या. पोलिसांनी दार फोडून त्यांना नेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघींना दोन-दोन वर्षं. मे २०२१ मध्ये परवानगी नसलेल्या निदर्शनांचं थेट प्रक्षेपण करण्यावरच कायद्याने बंदी आली. त्याच महिन्यात तूत-बाय बंद पाडली आणि ऑगस्टमध्ये तिचा सगळा मजकूर ‘अतिरेकी’ ठरवला. तिथे अतिरेकी मजकूर शेअर करणं हा गुन्हा आहे. आता साखळी जोडा. रक्तात शून्य दारू होती, ही बातमी तूत-बायवर आली होती. मिन्स्कमधल्या कुणा पोराने ती आज फोनवरून पुढे ढकलली तर तो कोठडीत जाऊ शकतो.

लाठी पडली ते काही मिनिटांत. शून्य हा आकडा पुसायला नऊ महिने आणि दोन-तीन कायदे लागले.

तोंडं झाकण्याचंही तसंच. ओमोन नावाच्या दंगलविरोधी पोलिसांच्या अंगावर नाव नाही, नंबर नाही, चेहऱ्यावर काळा बुरखा. सप्टेंबर २०२० मध्ये मोर्च्यातल्या बायका हे बुरखे ओढून काढू लागल्या, तेव्हा ही धडधाकट माणसं हातांनी तोंड लपवत पळताना व्हिडिओंत दिसतात. ज्याने बरोबर काम केलंय त्याला चेहऱ्याची लाज का वाटावी? खटल्यांत साक्षीदार म्हणून हेच पोलीस व्हिडिओ कॉलवर, टोपणनावाने, पुन्हा तोंड झाकून. आरोपीला कळतच नाही की आपल्याविरुद्ध कोण बोलतंय. दहा-पंधरा मिनिटांत दहा-पंधरा दिवसांची कैद. पोलिसांविरुद्ध सुमारे पाच हजार तक्रारी आल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तपासयंत्रणेने जाहीर केलं की गुन्हा नोंदवण्यासारखं काही सापडलं नाही. पाच हजारांत एकही नाही. आणि पुढेही सापडू नये म्हणून १७ मे २०२१ च्या कायद्याने सोय करून ठेवलेलीच होती: कायद्याच्या चौकटीत बळ किंवा शस्त्र वापरताना झालेल्या हानीला पोलीस जबाबदार नाहीत. चौकट कुठवर, हे तेच ठरवणार.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती याच्या बरोबर उलट दिशेने जाते. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेच्या डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सोबत जोडली होती पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची वर्तमानपत्रांतली कात्रणं. त्या पत्राची याचिका झाली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेचा कागद तिथेच तयार झाला पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरने तपासलं पाहिजे. हे आपल्याकडे किती पाळलं जातं यावर वेगळा लेख होईल, आणि तो लांबलचक होईल. पण नियमांचा रोख बघा. नाव, वेळ, जखम, डॉक्टर. बेलारूसने एकेक करून जे पुसलं, नेमकं तेच. खाकीवरची ती छोटी नावाची पट्टी शोभेची नाही. आणि बसूंच्या कात्रणांत ‘झटापटीत एकाचा मृत्यू’ एवढंच छापलेलं असतं, तर त्या पत्राला जोडायला त्यांच्याकडे काय उरलं असतं?

आता नेहमीचे आक्षेप. आंदोलक काय धुतल्या तांदळासारखे होते का? नव्हते, सगळे नव्हते. पहिल्या रात्री बॅरिकेड उभे राहिले, फटाके फेकले गेले, पोलिसांच्या अंगावर गाडी घातल्याच्याही घटना झाल्या. हे लपवायचं कारण नाही. गाडी घालणाऱ्याला पकडा, खटला चालवा. पण अक्रेस्त्सिनामध्ये गुडघ्यांवर बसलेल्या, हात बांधलेल्या माणसाला मारताना कुठला जमाव पांगवायचा होता? ‘दोन्ही बाजू’ म्हणायला दोन्ही बाजूंचे हात मोकळे असावे लागतात.

परकीय हात? निदर्शनांची माहिती देणारं नेक्स्टा हे टेलिग्राम चॅनेल पोलंडमधून चालायचं, हे खरं. देशात इंटरनेट बंद आणि पत्रकार तुरुंगात असले तर ते दुसरीकडून कुठून चालणार? १७ ऑगस्टला लुकाशेन्को मिन्स्कच्या अवजड वाहनांच्या कारखान्यात गेला, त्याला वाटत होतं हे आपले कामगार. तेच त्याच्या तोंडावर ‘चालता हो’ ओरडले. त्यांना कुणी वॉर्सामधून बोलावून आणलं नव्हतं.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटचा, आणि तो मला तरुण मित्रच घालतात: मग झालं काय? लुकाशेन्को आहे तिथेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याने स्वतःला ८६.८ टक्के मतं दिली. छळाच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘व्यास्ना’ संस्थेच्या आलेस ब्यालियात्स्कींना २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा ते तुरुंगात होते, २०२३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०२५ मध्ये सुटले तेव्हा देशाबाहेर. हरलेच ना?

सत्तेच्या हिशेबात हरले, हे मी नाकारत नाही. पण ‘मग उपयोग काय’ असं विचारताना आपण नकळत एक गोष्ट कबूल करत असतो, की जिंकणाऱ्यालाच मार लागतो आणि हरणाऱ्याच्या पाठीवरचे वळ मोजायची गरज नाही. व्यास्नाने ते मोजले. सुटून आलेल्या माणसांना बसवून विचारलं: कुठल्या कोठडीत, किती जण, कशाने मारलं, काय बोलत होते. हे काम बातमीच्या वाक्यात कर्ता परत आणून बसवण्याचं आहे आणि त्यासाठीच त्यांना तुरुंगात टाकलं गेलं.

या नोंदींचं पुढे काय होतंय तेही सांगतो. बेलारूस आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे अक्रेस्त्सिनामधली मारहाण तशी त्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही. पण शेजारचा लिथुआनिया सदस्य आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला त्याने हे प्रकरण न्यायालयाकडे पाठवलं. युक्तिवाद असा: मारून, धमकावून, तुरुंगाची भीती घालून लोकांना देश सोडायला लावणं हा गुन्हा मिन्स्कमध्ये सुरू होतो, पण माणूस सीमा ओलांडतो तिथे, म्हणजे लिथुआनियाच्या जमिनीवर, पुरा होतो. स्वियातलाना त्सिखानौस्काया १० ऑगस्ट २०२० ला निकालाविरुद्ध तक्रार घेऊन निवडणूक आयोगाच्या कार्यालयात गेली, तिथे तिला काही तास अडवून ठेवलं, आणि ११ ऑगस्टला ती लिथुआनियात होती. सरकारी बाजू तेव्हा म्हणाली होती की ती आपणहून गेली.